गादी अजून झाली नाही

दुपारी सुनीताचा फोन आला. सुनीता म्हणजे तिवस्यात आमच्याच गल्लीत राहणारी, दोन घरं पलीकडची. गेल्या जूनपासून लेकीच्या प्रवेशपरीक्षेच्या क्लासपायी अकोल्यात खोली करून राहते. "ताई, पोरगी झोपूनच नाही राहिली वं. रातभर नुसती छताकडे पाहते. परीक्षा तोंडावर आली. काय करू, सांगा ना," एवढं म्हणाली आणि रडायलाच लागली. मी म्हटलं, "रडू नको. थांब जरा, मी करते तुले फोन." फोन ठेवला आणि कूलरसमोर बसून राहिले. करते म्हटलं खरं, पण सांगू काय हिला?

बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास खोलीभर पसरला होता. लोकांना त्या वासानं थंड वाटतं. मला अजून रेणूचे उघडे डोळे दिसतात.

रेणू माझी लेक. तिच्या बारावीनंतर आम्हीही असेच अकोल्यात गेलो होतो, ती आणि मी. तिचे बाबा इकडे वावर आणि संत्र्याची झाडं सांभाळायला मागे राहिले. दुसऱ्या मजल्यावर एक खोली, वर गच्ची. आल्या आल्या मी घरमालकाला विचारलं, "भाऊ, उन्हाळ्यात गच्चीवर झोपलं तं चालते ना?" त्यांनी किल्ल्यांचा जुडगा खिशात टाकला. "गच्ची बंद असते ताई." "काहून?" "असतेच बंद." नंतर पाहिलं तर गल्लीतल्या सगळ्याच गच्च्यांना कुलपं. मला वाटलं, टाक्यांचे नळ चोरीला जात असतील. खरं कारण कळलं ते खालच्या किराणा दुकानात, दुकानदारीणबाईंनी आवाज खाली करून मागच्या वर्षीची एका पोराची गोष्ट सांगितली तेव्हा. त्या संध्याकाळी मी जिना चढून वर गेले आणि ते कुलूप ओढून पाहिलं. पक्कं होतं. मला बरं वाटलं, आणि कुलपामुळे बरं वाटावं याचीच मग भीती वाटली.

आम्ही वऱ्हाडातली माणसं उन्हाळ्यात बाहेर झोपणारी. अंगणात पाणी मारायचं, बाज टाकायची, डोक्यावरून चादर ओढायची की सकाळ. माझं माहेर शेंदूरजनाघाटचं, तिथे तर घरात झोपला तो आजारी असं समजायचे. आणि इथे माझी लेक चार भिंतींत, कूलरच्या घरघरीत, टक्क डोळे उघडे ठेवून पडलेली. मी मुद्दाम घोरायची. म्हटलं, माय झोपली असं वाटलं तर हिच्याही डोळ्याला डोळा लागेल. घोरून घोरून घसा सुकायचा माझा. मग अंधारातून आवाज यायचा, "आई, तू जागीच हायेस ना?"

एप्रिल संपता संपता गोष्ट हाताबाहेर जायला लागली. तेच पान तेवढ्याच मोठ्यानं पुन्हा पुन्हा वाचायची. कंगव्यात केसांचे पुंजके. एक दिवस मला विचारते, "आई, मी जेवली काय?" जेवून, ताट स्वतः धुऊन, तिनंच ते पालथं घातलं होतं. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "हिला रोज थोडा वेळ बाहेर काढा. मोकळी हवा, शांत जागा. डोकं निवलं पाहिजे." घ्या! अकोल्यात, वैशाखाच्या तोंडावर, मोकळी हवा! हसावं की रडावं तेच कळेना.

पण मी काढलं बाहेर. माझा भाऊ परतवाड्याला असतो, तो फोनवर म्हणे, "चिखलदऱ्याले घेऊन ये तिले, मी जीप सांगून ठेवतो." शांतता म्हटली की आमच्याकडे सगळ्यांना चिखलदराच दिसतो. अरे, पोरीची परीक्षा तोंडावर, रोजचा क्लास, आणि घाट चढायला नेऊ तिला? मला हवं होतं चालत जाण्यासारखं काहीतरी. अर्धा तास बसावं, परत यावं, इतकं जवळ.

बगिच्यात नेलं. पहाटेच तिथे निम्मं अकोला उतरलेलं. एकीकडे हात वर करून खोटं खोटं हसणारी मंडळी, दुसरीकडे स्पीकरवर कवायत, आणि बाकावर बसलो न बसलो तोच क्लासमधल्या कोणाची तरी आई, "रेणूच ना वं ही? कितवा चान्स हाये? मार्क किती येऊन राहिले टेस्टले?" रेणू उठूनच उभी राहिली. नदीकाठी नेलं, तर मोर्णेचं पाणी त्या दिवसांत पाणी म्हणण्यासारखं नव्हतं, नाकाला पदर लावूनच परतलो. देवळाच्या ओट्यावर बसवलं, तर एका बाईनं तिचा उतरलेला चेहरा पाहून तिथल्या तिथे नवस सांगितला, तोही उपाशी राहण्याचा. शेवटी रस्त्याकडेला एका वडाखाली नुसत्या उभ्या राहिलो, तर स्कूटरवाले काका थांबले. "काय झालं? काहून उभ्या हा? कोणाची वाट पाहून राहिल्या काय?" आमच्याकडची माया ही अशी आहे. कोणी नुसतं बसलेलं दिसलं की माणसाला राहवत नाही. अरे बाबा, काही झालं नाही, आणि म्हणूनच बसलो आहोत!

तेव्हा मला ध्यानात आलं की झाड मिळतं, सावलीही मिळते. मिळत नाही ती अशी जागा, जिथे तुम्हाला कोणी काही विचारत नाही. आमच्या वावरात बोअरजवळ निंबाखाली एक बाज कायम पडलेली असते. वर्षानुवर्षं तिच्यावर बसून मी भाकर खाल्ली, पण ती शांत जागा आहे असं माझ्या मनातही कधी आलं नव्हतं. ती बाज होती, बस्स. अकोल्यात मला त्या बाजेची इतकी आठवण यायची की लाज वाटायची. नवऱ्याची तेवढी येत नव्हती.

शेवटी मी ठरवलं, दोष गादीचा आहे. माणूस हरलं की असं काहीतरी धरतं. रेणूची गादी घरून आणलेली, आतल्या रुईचे गोळे गोळे झालेले. म्हटलं, पिंजून घेऊ. आमच्या गल्लीच्या टोकाला एक गादीघर होतं, जुबेदाआपांचं. आपा साठीच्या, अंगानं भरलेल्या, तोंडात सदा सुपारी आणि बोलणं अर्धं हिंदी, अर्धं आपलं. समोर पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा मुलगा पिंजायचं यंत्र चालवायचा आणि मागच्या अंगणात निंबाखाली बसून आपा गाद्यांना टाके घालायच्या. ऊन चढायच्या आत म्हणून सकाळीच गादीची वळकटी करून निघालो. एक टोक तिच्या डोक्यावर, एक माझ्या.

"ठेवा तिकडे," आपा म्हणाल्या. "गादी आहे का दगडाचं पोतं?" मी म्हटलं, "कधी होईन?" "होईन ना. बसा तं खरं जरा, घाम पुसा."

अंगणात नुकतंच पाणी मारलेलं. ओल्या मातीचा वास, त्यात नव्या रुईचा कोरडा वास. निंबावरून हिरव्या निंबोळ्या टपटप पडत होत्या. पलीकडे यंत्र असं घरघरत होतं की आमचा कूलर त्यापुढे काहीच नाही. रेणू बाजेवर टेकली. मी आपांना अस्तर कोणतं घालायचं ते सांगत होते. वळून पाहते तर पोरगी आडवी. चपला पायातच, एक हात बाजेखाली लोंबलेला, तोंड जरासं उघडं. झोपली होती! मी तशीच धावले, म्हटलं चक्कर तर नाही आली? आपांनी माझा हात धरला. "अव माय, हात नको लावू. सोने दो बच्ची को."

तिच्या केसांवर रुईचा एक पुंजका येऊन बसला होता आणि श्वासाबरोबर हलत होता. मी त्या पुंजक्याकडे पाहत बसले. मला रडू आलं, आणि आपांनी ते न पाहिल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी गादी आणायला गेलो, तर आपा म्हणाल्या, "अजून झाली नाही. बसा." बसलो. रेणू झोपली. तिसऱ्या दिवशी अस्तर मिळालं नव्हतं. मग यंत्राचा पट्टा तुटला. मग लाइन गेली, यंत्र बंद. मी मनातून चिडायची, की एक गादी पिंजायला इतके दिवस? पण रोज सकाळी, क्लासच्या आधी, पाय आपोआप तिकडे वळायचे. आपा रेणूला एक शब्द विचारायच्या नाहीत. कोणता क्लास, किती मार्क, काही नाही. सुईत दोरा ओवून मागायच्या, तेवढंच. पोरगी थोडी थोडी बोलायला लागली. एकदा निंबोळी फेकून खारीला मारली तिनं. मी डोळे भरून पाहिलं.

मग एका रविवारी रेणूचे बाबा आले.

माणूस प्रेमळ. लेकीवर जीव ओवाळून टाकतील. पण त्यांना शांत जागा दाखवायची म्हणजे! अंगणात उभे राहिले, निंबाकडे पाहिलं, हवा अंगावर घेतली आणि म्हणाले, "वा! कशी मस्त जागा हाये वं! अभ्यासाले एक नंबर!" मी नको म्हणून खूण करेपर्यंत ते बाजाराकडे निघालेसुद्धा. तासाभरात घडीचं टेबल आलं, खुर्ची आली, आणि एक गोल भिंतीवरचं घड्याळ. ते त्यांनी सुतळीनं निंबाच्या खोडाला टांगलं. "पेपर टायमात सुटला पाह्यजे बेटा. इथं बसून सोडवत जा. मोकळ्या हवेत डोकं चालते." आपा सुपारी चघळायच्या थांबल्या. रेणू म्हणाली, "हाव बाबा." एवढंच.

त्यांची एकट्याची ही गत नाही. आमच्या सगळ्या मुलखाची आहे. पोरगं परीक्षेला बसलं की आम्हाला झाड दिसत नाही, झाडाखालचं टेबल दिसतं.

दुसऱ्या सकाळपासून रेणू बाजेवर टेकलीच नाही. खुर्चीवर ताठ बसायची, वही उघडी, आणि डोळे त्या घड्याळावर. निंबोळी पडली तरी दचकायची. टेबल काढून टाकू म्हटलं तर, "नको, बाबाले वाईट वाटन." गोळ्या चालू होत्या, पण ती पुन्हा जागी राहायला लागली. पेनाची रेघ वाकडी जायची. आणि मी आता रोज जिना चढून गच्चीचं कुलूप ओढून पाहायला लागले. काय सांगू तुम्हाला, त्या दिवसांत परीक्षेची मला काही पडली नव्हती. माझी पोरगी माझ्या हातून चालली होती आणि मी पाणी, पोळी, पाणी, पोळी करत बसले होते.

पुढच्या रविवारी क्लासची शेवटची सराव परीक्षा होती. ती चुकवायची नाही, असं सरांनी पालकांना बजावून सांगितलेलं. रेणूचे बाबा तिला स्वतः पोचवायचं म्हणून आदल्या संध्याकाळीच आले. सकाळी आम्ही तिघं निघालो. रेणूचं तोंड पांढरंफटक. गादीघरासमोरून जाताना आपांनी हाक मारली, "भाऊ, घोटभर चहा तं घेऊन जा." नाही कसं म्हणावं? वेळ होता अजून.

रेणूचे बाबा बाजेवर बसले. आमच्याकडे वावराची लाइन रात्री येते, त्या उन्हाळ्यात संत्र्याला पाणी द्यायला ते रात्र रात्र बोअरवर असायचे. दिवसा कामं होतीच. चहा येईपर्यंत जरा टेकतो म्हणाले आणि दुसऱ्या मिनिटाला घोरायला लागले. माझ्यासारखं खोटं नाही, अगदी मनापासून! मिशा वर-खाली होत होत्या. तेवढ्यात वरून एक निंबोळी सुटली ती थेट त्यांच्या पोटावर. त्यांनी झोपेतच ती उचलली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

रेणू हसली. फुसकन हसली, मग तोंडावर हात दाबून, मग डोळ्यातून पाणी येईस्तोवर. किती महिन्यांनी ऐकत होते मी ते हसू! हसता हसता ती पिंजलेल्या रुईच्या ढिगाला टेकली, म्हणाली, "आई, दोनच मिनिटं," आणि तिचे डोळे मिटले.

आता? मी घड्याळाकडे पाहिलं. आताच निघायला हवं होतं. तिच्या खांद्यापर्यंत माझा हात गेला. वर्षभराचा क्लास, सरांचा धाक, गावातल्या लोकांची तोंडं, सगळं त्या हातात होतं. तिचा चेहरा पाहिला. कपाळावरची आठी गेली होती. दहावीतली रेणू दिसत होती. मी हात मागे घेतला. आपा उठल्या, निंबावरचं घड्याळ काढलं आणि टेबलावर पालथं घातलं.

थोड्या वेळानं रेणूच्या बाबांच्या खिशातला फोन वाजायला लागला. क्लासचाच असणार. मी तो हळूच काढला, पण बंद कसा करायचा ते घाईत सुचेना. आपांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि सरळ रुईच्या दुसऱ्या ढिगात खुपसला. फोन आत वाजत राहिला, गुणगुण गुणगुण, मग थांबला, पुन्हा वाजला. मी पदर तोंडात धरून बसले होते. बरोबर करते आहे की पोरीचं वाटोळं करते आहे, मला खरंच कळत नव्हतं.

ऊन चढलं. सावली सरकली. रेणूच्या पायांवर ऊन आलं तेव्हा तिचे बाबा जागे झाले. निंबाच्या खोडाकडे पाहिलं, तिथे घड्याळ नाही. ताडकन उठले. "अवं, टेस्ट!" मी ओठांवर बोट ठेवलं. म्हटलं, "पाहा तिकडे." त्यांनी पाहिलं. पोरगी रुईत रुतून झोपलेली, एक पाय उन्हात. आता हा माणूस ओरडणार, असं मला वाटलं. त्यांनी टेबलावरचं घड्याळ उचलून बाजेवर ठेवलं, टेबल उचललं, आवाज न करता तिच्या पायांशी नेलं आणि आडवं उभं केलं. तिच्या पायांवर सावली पडली. मग स्वतः जमिनीवर बसले आणि टेबलाला पाठ लावून ते वाऱ्यानं पडू नये म्हणून धरून ठेवलं.

पुढे खरी परीक्षा झाली. रेणू हॉलमधून बाहेर आली आणि म्हणाली, "आई, भूक लागली मले." लोक विचारतात, मग नंबर लागला का? नाही लागला. आता ती अमरावतीला कृषी शिकते, सुट्टीत आली की बाबांशी संत्र्याच्या छाटणीवरून भांडते आणि दुपारी बोअरजवळच्या बाजेवर पसरते ती चहालाच उठते. गल्लीतल्या बायकांना वाटतं आमचं वर्ष वाया गेलं. मी तिच्या अंगावर चादर घालते.

खोली सोडायच्या दिवशी गादी आणायला गेले. मागच्या भिंतीशी, इतर गाद्यांच्या आड ती उभी करून ठेवलेली, टाके पक्के, खोळ चढवलेली. बांधलेल्या सुतळीखाली निंबाची वाळलेली पानं अडकली होती, थरावर थर. मी एक पान ओढलं, हातातच चुरा झालं त्याचं. "आपा, ही कधी झाली होती?" "टाकली त्याच दिवशी." "मंग सांगतलं काहून नाही?" आपांनी सुपारी गालात सरकवली. "सांगतलं असतं तं तू आली असती काय? बाईमाणूस कामाशिवाय कुठं जाऊन बसते का? अन् मलेबी सोबत झाली बाप्पा. माझी पोरगी अचलपूरले दिली, वर्षात एकदा येते."

खरं होतं. नुसतं बसायला या म्हटलं असतं, तर मीच शंभर कामं सांगितली असती. आम्हा बायकांना झाडाखाली टेकायलाही हातात काहीतरी काम लागतं, निदान एखादी न झालेली गादी.

कूलरमधलं पाणी संपलं, तो कोरडा घरघरायला लागला. मी उठले, बादलीभर पाणी ओतलं आणि सुनीताला फोन लावला. एका घंटीत उचलला तिनं. तिचाही आवाज न झोपलेला होता.

म्हटलं, "ऐक. उद्या सकाळी ऊन चढायच्या आत पोरीची गादी पिंजायले टाक. पत्ता सांगते. पोरीले संग घेऊन जा, एकटीच्यानं उचलवणार नाही."

"पण ताई, गादी तं नवी कोरी हाये. जूनमधीच घेतली."

"असू दे नवी. जुबेदाआपाले म्हणाव, रेणूच्या मायनं धाडली. अन् एक सांग त्याहिले, घाई नाही म्हणाव."